हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे: निसर्ग वादळानंतर वाडी पुन्हा कशी उभी राहते

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून गेले अशी तक्रार आली होती, म्हणून हिशेब इथे जरा सविस्तर मांडलेत.)

संत तुकाराम नगरला राहणाऱ्यांना वल्लभनगरचा एसटी स्टँड काही नवा नाही. मे महिन्यात तिथे संध्याकाळी उभे राहा. हातात पिशव्या, डोक्यावर खोकी आणि प्रत्येकाच्या तोंडात कुठल्या तरी कोकणातल्या गावाचं नाव. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये कंपन्यांच्या निमित्ताने आलेली अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांचं रेशनकार्ड इथलं आणि सातबारा तिकडचा. आमचंही त्यातलंच एक. माझी आत्या श्रीवर्धन तालुक्यात राहते, आणि तिच्या बारा गुंठ्यांच्या वाडीच्या सातबाऱ्यावर माझ्या बाबांचंही नाव आहे. आजच्या विषयात त्या एका नावाला फार महत्त्व आहे, ते पुढे येईलच.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. मग ते घाट चढून पुणे जिल्ह्यात आलं. त्या दिवशी आपल्याकडेही झाडं पडली, लाईट गेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो 'वर्क फ्रॉम होमच्या सुरुवातीचा एक पावसाळी दिवस' म्हणून आठवत असेल. आम्हाला तो आत्याचा फोन लागत नव्हता म्हणून आठवतो. टॉवर बंद, वीज बंद, रस्त्यावर झाडं, आणि वर लॉकडाऊन. जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन हा एरवी एका सकाळीत होणारा रस्ता तेव्हा परदेशाइतका लांब झाला होता.

माणसं वाचली, हे आधी सांगायला हवं. अंदाज वेळेत मिळाला, किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवलं गेलं. आणखी एक गोष्ट नशिबाने जुळून आली. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद असते, त्यामुळे बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा होड्या समुद्रात होत्या, आणि त्याची किंमत कोळीवाड्यांनी मोजली होती. ओडिशानेही हे असंच शिकून घेतलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृत्यूंचा आकडा काही डझनांवर राहिला.

पण झाडांना हलवता येत नाही. आणि श्रीवर्धनच्या पट्ट्यात घर चालतं ते झाडांवर.

ज्यांनी वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घराच्या मागे दहा-पंधरा गुंठे जागा. त्यात उंच माड, त्यांच्या सावलीत दाट पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल, मध्ये जायफळ, कडेला केळी. खाली विहीर आणि पंप. श्रीवर्धनची सुपारी 'रोठा' म्हणून ओळखली जाते, तिला बाजारात मान आहे. घरची सुपारी म्हणजे तिथे बँकेतल्या मुदत ठेवीसारखी: वाळवून, सोलून ठेवायची आणि गरज लागेल तशी विकायची. पोरांची फी, दवाखाना, लग्न, सगळं त्यातून. हल्ली त्यात पर्यटन जोडलं गेलं. दिवेआगर, हरिहरेश्वरला तुम्ही ज्या घरगुती खोल्यांत राहता, त्यांच्या फोटोंमधली ती हिरवी सावली म्हणजे हीच वाडी.

तीन-चार तासांत ही मुदत ठेव आडवी झाली. पोफळ बारीक आणि उंच, मुळं उथळ. एक पडली की शेजारच्या चार घेऊन जाते. आत्याच्या वाडीत १८० पोफळी होत्या, त्यातल्या १५० गेल्या. २२ माडांपैकी नऊ गेले, त्यातला एक थेट पडवीवर.

आता मदतीचा हिशेब. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण मला तरी अख्ख्या प्रकरणाची किल्ली इथे सापडली.

आपत्ती निवारण निधीच्या तेव्हाच्या नियमानुसार बहुवार्षिक पिकांना, म्हणजे फळबागांना, हेक्टरी १८,००० रुपये मिळायचे, तेही कमाल दोन हेक्टरपर्यंत आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर. राज्य सरकारने निसर्गसाठी हा दर वाढवून हेक्टरी ५०,००० केला. बातमीत वाचताना आकडा चांगला भरभक्कम वाटतो. पन्नास हजार! पण कोकणातल्या वाडीवाल्याकडे हेक्टर असतो कुठे? एका हेक्टरात जवळपास ९९ गुंठे. पन्नास हजार भागिले ९९ केलंत तर गुंठ्याला साधारण ५०५ रुपये येतात. आत्याच्या बारा गुंठ्यांना सहा हजार आणि काही रुपये. जुन्या दराने तर गुंठ्याला १८२ रुपये.

मी कोड लिहितो, म्हणून मला हे लगेच ओळखीचं वाटलं. कोणी मुद्दाम वाईट वागत नसतं. फक्त टेबल बनवताना कॉलम चुकलेला असतो. हेक्टर हे माप उसाला, सोयाबीनला, द्राक्षाला बरोबर बसतं. वाडी ही जमीन नसून उभी, थरांची गोष्ट आहे. एकाच गुंठ्यात माड, पोफळ, मिरी, जायफळ असं चार मजली पीक असतं, आणि फॉर्ममध्ये एकच मजला विचारला जातो.

लोकांनी ही ओरड केली, आणि पुढे झाडामागे दर आला: पोफळीला ५० रुपये, माडाला २५० रुपये. माप बदललं ही मोठी गोष्ट होती, त्याचं श्रेय द्यायला हवं. आत्याचा हिशेब करू. १५० पोफळींचे ७,५०० आणि नऊ माडांचे २,२५०. एकूण ९,७५०. हेक्टरच्या हिशेबापेक्षा दीडपट.

आता शेजारी बघा. नोव्हेंबर २०१८ मध्ये तमिळनाडूत गाजा वादळ आलं. तंजावर, पुदुक्कोट्टई भागातले लाखो माड पडले. तिथल्या सरकारने माडामागे १,१०० रुपये दिले. त्यातले ६०० झाडाचे आणि ५०० पडलेलं झाड कापून बाहेर काढण्याचे. या दराने आत्याच्या नुसत्या नऊ माडांचे ९,९०० झाले असते. म्हणजे अख्ख्या वाडीला मिळण्यासारख्या रकमेपेक्षा जास्त, एकही पोफळ न धरता.

पण मला रकमेपेक्षा त्या '५०० कापून काढण्याचे' या ओळीने जास्त विचार करायला लावलं. ज्याने तो नियम लिहिला त्याला पडलेला माड माहीत होता. पडलेला माड म्हणजे नुकसान झालं आणि संपलं असं नसतं. तो पुढचं नुकसान करायला तिथेच पडून असतो. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या तिथे वाढतात, आणि मग भुंगे बाहेर पडून उरलेल्या माडांचा आणि नव्या रोपांचा कोंब पोखरतात. वादळात जखमी झालेल्या झाडांच्या वासाने सोंड्या भुंगाही येतो, तो तर खोडाच्या आतूनच खातो. म्हणजे खोडं हलवण्याआधी नवी रोपं लावलीत तर तुम्ही भुंग्यांसाठी जेवण लावलंत. आणि एकमेकांवर रचून पडलेली दीडशे झाडं, अरुंद पाखाडी, जेसीबी आत शिरत नाही, करवतवाले सगळ्या गावाला मिळून चार. एक झाड कापून बाहेर काढायला जी मजुरी पडत होती, त्यात ते ५० रुपये चहापाण्यालाच गेले.

बरं, वाडी साफ झाली. आता रोपं लावू? थांबा. कोवळ्या पोफळीला थेट ऊन सोसत नाही. विशेषतः दुपारनंतरचं, नैर्ऋत्येकडून येणारं. खोड करपतं, चिरा पडतात. आजवर तिला माडांची आणि मोठ्या पोफळींची सावली आयती मिळत होती. आता वर आभाळ मोकळं. म्हणून आधी केळी लावायची, ती वाढू द्यायची आणि तिच्या सावलीत पोफळ. जुन्या लोकांना हे ठाऊकच होतं. आत्याने पहिल्या वर्षी फक्त केळी लावली तेव्हा शहरातल्या आम्ही शहाण्यांनी विचारलं होतं की सुपारी कधी लावणार.

आणि रोपं आणायची कुठून? पोफळीचं रोप वाटिकेत वर्ष-दीड वर्ष वाढवून मगच जमिनीत जातं. शिवाय बियाणाची सुपारी ज्या चांगल्या, जुन्या झाडांवरून घ्यायची तीच पडलेली. श्रीवर्धनला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, नारळासाठी रत्नागिरीजवळ भाट्ये इथे केंद्र आहे. पण एका तालुक्याला एकदम जितकी रोपं हवी झाली, तितकी कुठल्याच रोपवाटिकेत तयार बसलेली नसतात. वादळानंतर पहिल्याच आठवड्यात करायचं एक काम हेही असतं: ज्या वाड्या वाचल्या त्यांतली चांगली झाडं हेरून बियाणं राखून ठेवणं. ते त्या आठवड्यात कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण डोक्यावर छप्परच नसतं.

मग वर्षं मोजा. एक वर्ष साफसफाई आणि केळी. मग पोफळ, जी लावल्यापासून पाच-सहा ते आठ वर्षांनी धरते. बाणवली माड सहा ते आठ वर्षं. टी-डी संकरित माड चार-पाच वर्षांत येतो. २०२० मध्ये पडलेली वाडी नीट कमवायला लागणार २०२७-२८ च्या पुढे. रोजगार हमीतून फळबाग लागवडीला जे अनुदान मिळतं, ते लागवड आणि देखभाल धरून तीन वर्षांत संपतं. मधल्या वर्षांचं काय? माझ्या मते कोकणच्या पुनर्बांधणीचा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर झाडामागचे ५० चे १०० करून मिळणार नाही. दरवर्षी, जगलेल्या झाडामागे थोडी रक्कम, पीक सुरू होईपर्यंत. सात वर्षांचा हप्ता. तीन वर्षांचं अनुदान जगलेल्या रोपांच्या टक्केवारीवर देता येतं, तर सात वर्षांचं का नाही? अशी रक्कम मिळाली तर माणूस झाड जगवेल. एकदाच मिळाली तर पत्र्यांत घालेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

पत्र्यांवर यायलाच हवं, कारण घराचा भाग इंजिनियर म्हणून मला जास्त खुपतो.

जुनी घरं मंगलोरी कौलांची. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की वाऱ्याचा ढोबळ दाब मिळतो: चौरस मीटरला सुमारे ६५० न्यूटन, म्हणजे ६६ किलो वजनाइतका. छपरावर तो खाली दाबण्याऐवजी बऱ्याचदा वर ओढतो, आणि कडांना, पागोळीपाशी जास्तच. कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास. कौलं नुसती रिपांवर टेकवलेली असतात, त्यामुळे ती गेली. यात एक गंमत अशी की वेग अर्धा झाला तर दाब पाव होतो. म्हणून रोजच्या पावसाळी वाऱ्यात पन्नास वर्षं टिकलेलं छप्पर एका दुपारी उडतं, आणि आपण म्हणतो 'कधी असं झालं नव्हतं हो'.

मग लोकांनी काय केलं? पत्रे घातले. साहजिक आहे. जून महिना, तोंडावर पाऊस, कौलं मिळेनात, ताडपत्रीचे भाव चढलेले. पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाख केली होती, त्यात कौलारू घर पुन्हा होत नाही. पण पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाच-सहा किलो. त्याला धरून ठेवतात ते फक्त हूक. त्यामुळे पत्रे घालताना सगळा जीव त्या हुकांत असतो. कडेच्या ओळींना आणि कोन्याला हूक जवळजवळ हवेत, रिपा वाशांना पट्टीने बांधलेल्या हव्यात आणि वासे भिंतीला. भिंतीवर नुसता टेकलेला वासा असेल तर पत्रा जात नाही, पत्र्यासकट वासा जातो. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवलं तर पडवी उडाली तरी घर राहतं. चारही बाजूंनी उतार असलेलं छप्पर दोन पाखांच्या छपरापेक्षा वाऱ्यात बरं टिकतं. चक्रीवादळी भागातल्या लहान घरांसाठी हे सगळं सांगणारं भारतीय मानक आहे, आय.एस. १५४९८, २००४ सालचं. ते मराठीत दोन पानांचं करून, चित्रांसह, गावातल्या सुताराच्या आणि पत्रेवाल्याच्या हातात पडायला हवं होतं. घर तो बांधतो. वास्तुविशारद तिथे येत नाही.

हे घाईचं काम किती टिकलं याची परीक्षाही लगेच झाली. वर्षही पूर्ण झालं नव्हतं तोवर, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं.

विजेबद्दल थोडंच. खांब हजारोंनी पडले, काही गावांत महिनाभराहून जास्त अंधार होता. आपल्याला वीज म्हणजे चार्जिंग वाटतं. वाडीत वीज म्हणजे पंप, पंप म्हणजे शिपणं, आणि मार्च ते मे शिपण्याशिवाय रोप जगत नाही. विद्युतवाहिन्या जमिनीखाली नेण्याचं काम राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून अलिबाग शहरासाठी घेतलं गेलं. महाग आहे, सगळ्या वाड्या-वस्त्यांना शक्य नाही. पण गावातला पाणीपुरवठा, आरोग्य केंद्र आणि मोबाईल टॉवर एवढ्यांची तरी लाईन आधी खाली गेली तर पुढच्या वेळी आम्ही इथे बसून चार दिवस फोन लावत राहणार नाही.

आता ते बाबांचं नाव. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आले, आत्याने पडलेली झाडं दाखवली. पैसे मात्र सातबाऱ्यावरच्या नावांना. आमच्या सातबाऱ्यावर सात नावं आहेत. दोघं आता नाहीत, वारसनोंद झालेली नाही. एक मुंबईला, एक बडोद्याला, बाबा इथे. सगळ्यांचं संमतीपत्र हवं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चालला नाही, मूळ सही हवी होती. कोरोनात. वाडी शिपणारी एकटी आत्या, आणि तिचं नाव त्या यादीत सहावं. हे आमच्याच घरचं नाही, कोकणात घरोघरी आहे. सरकारचा दोष किती आणि आमचा किती, हे मी ठरवायला बसलो तर आमचा जास्त निघेल. वीस वर्षं 'पुढच्या मे महिन्यात करू' म्हणून वारसनोंद राहिली होती.

म्हणून ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचं गाव किनाऱ्यावर आहे त्यांना फोनवरूनच करता येण्यासारखं एक काम सांगतो. महाभूलेखवर आपला सातबारा काढा आणि नावं वाचा. गेलेल्या माणसांची वारसनोंद आणि जमलं तर वाटप, हे वादळाच्या आधी. गावाला गेलात की ई-पीक पाहणी ॲपमध्ये वाडीची नोंद करा, शेतात उभं राहून फोटो काढा. बांधावरच्या झाडांनाही त्यात जागा आहे. शिवाय स्वतःची एक साधी शीट ठेवा: माड किती, पोफळी किती, धरत्या किती, रोपं किती, सोबत तारखेचे फोटो. झाड पडल्यावर मोजताना वाद होतो, उभं असताना होत नाही.

आमच्या शीटमध्ये सध्या १३ जुने माड, सहा टी-डी, ३० जुन्या पोफळी आणि १४० नव्या आहेत. नव्यांतली एकही अजून धरलेली नाही. गेल्या वर्षी मी सरसकट दीडशे लिहिलं होतं. आत्याने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दहा मेल्या रे, तू मोजल्याच नाहीस."